सरांचे शब्द आणि माझा नवा संगणक
(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘संगणकयुगातील माझी वाटचाल’ असा विषय छापलाय. पत्रिका मीच टाइप केली, त्यामुळं विषय बदलायची संधी माझ्या हातात होती. पण संयोजकांना शब्द दिला होता. तेव्हा विषय तोच ठेवते आणि मनातलं बोलते. तीस वर्षं संगणकावर पोट भरलेली बाई आज तुमच्यासमोर संगणकाची तक्रार करणार आहे.

दहावीनंतर तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईला गेले. मी इथंच सांगलीत राहिले. एस.टी. स्टँडजवळ टायपिंगचा क्लास होता, तिथं जाऊ लागले. तिसांची मराठी, तिसांची इंग्रजी, मग चाळिसांची इंग्रजी अशा परीक्षा दिल्या. वीस-पंचवीस मशीनं एकदम चालू झाली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा. आमचे क्लासवाले मास्तर कळांवर कागद झाकायचे आणि म्हणायचे, “बोटांना पाठ झालं पाहिजे, डोळ्यांना नाही.” झालं पाठ. आज साठीतही झालेलं आहे. टाइपरायटरची एक गोष्ट मला तेव्हा विशेष वाटली नव्हती, आता वाटते. रात्री झाकण घालून घरी गेलं आणि सकाळी येऊन बसलं, तर ‘क’ची कळ जिथं होती तिथंच असायची.

पुढं एका प्रेसमध्ये नोकरी लागली. १९८९ साली मालकांनी संगणक आणला. त्याला वेगळी खोली, खोलीला एसी, आणि चपला बाहेर. आम्ही दोघी-तिघी देवळात गेल्यासारख्या आत जायचो. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि एक छोटी रेघ लुकलुकत उभी. ती काही सांगायची नाही, तुम्ही काय सांगता याची वाट बघायची. वर्डस्टार शिकायला मला दीड महिना लागला. कंट्रोल धरून के आणि एस दाबलं की लिहिलेलं जतन. असे कितीतरी आदेश वहीत लिहून पाठ केले. रडले आहे मी त्या खोलीत. तेव्हा सगळं सोपं होतं असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. एक स्वल्पविराम चुकला तर अख्खं पान उलटंपालटं व्हायचं, आणि वीज गेली तर दुपारभराचं काम गेलं. सांगलीत वीज कशी जायची ते तुम्हाला माहीत आहे.

पण दीड महिन्यानं जे आलं ते आलं. पुढची पाच वर्षं त्यात तसूभर फरक पडला नाही.

मराठी संगणकावर आणायचा खटाटोपही मी जवळून पाहिला. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आत बसवलं की डॉसमध्येसुद्धा देवनागरी उमटायची. पहिल्यांदा पडद्यावर ‘श्री’ उमटला तेव्हा मालकांनी पेढे वाटले होते. मग विंडोज आलं, पेजमेकर आलं, लेझर प्रिंटर आला. १९९४ मध्ये मी कर्ज काढून कापडपेठेत एका दुकानाच्या माडीवर स्वतःचं डीटीपी सुरू केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, प्रबंध, कोर्टाचे कागद, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. बटर पेपरवर प्रिंट काढून द्यायची, प्रेसवाला प्लेट करायचा. तुमच्यातल्या निदान सहा जणांच्या पत्रिका मी केल्यात, आणि एकाची दोनदा, कारण त्यानं मुहूर्ताची वेळ चुकीची सांगितली होती. तो आज आलाय, नाव सांगत नाही.

आता मूळ तक्रारीकडं येते.

१९९५ साली विंडोजमध्ये डाव्या कोपऱ्यात एक बटण आलं. त्यावर ‘स्टार्ट’ असं अक्षरांत लिहिलेलं होतं. कुठून सुरुवात करायची हे न विचारता कळत होतं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते काढून टाकलं, पुढच्या वर्षी परत आणलं, आणि २०२१ मध्ये कोपऱ्यातून उचलून मधोमध नेलं. ज्यांना रोज दहा तास याच्यावर बसायचं नाही त्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. स्वयंपाकघराचा विचार करा. रोज रात्री कुणीतरी येऊन मिसळणाचा डबा वेगळ्या फळीवर ठेवून जातंय, आणि सकाळी वर सांगतंय की आता तुमचं स्वयंपाकघर अधिक सोयीचं झालंय!

मला वाटतं, पूर्वीचं यंत्र शिकायला अवघड होतं, पण शिकलेलं आपलं राहायचं. आताचं सुरू करायला सोपं आहे, लहान मूलही करतं. पण शिकलेलं राहत नाही. दर सहा महिन्यांनी मी पुन्हा पहिलीत. माझ्या नेहमीच्या एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तेव्हा, वीस वर्षांचा अनुभव असलेली मी, अर्धा तास ‘प्रिंट’ शोधत होते. गिऱ्हाईक समोर उभं. ते बिचारं म्हणालं, “मावशी, नवीन शिकताय का?”

शिवाय अक्षरं गेली आणि चित्रं आली. तीन टिंबं, तीन रेघा, दाते असलेलं चाक. जतन करायच्या बटणावर अजून फ्लॉपीचं चित्र असतं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलीनं मला विचारलं, “हे कपाट कसलं?” पूर्वी बटण हे बटणासारखं उचललेलं दिसायचं, दाबलं की दबायचं. आता सगळं सपाट झालंय. कुठलं वाचायचं आणि कुठलं दाबायचं, ते दाबून बघितल्यावर कळतं. पान सरकवायची पट्टी आपण तिच्याजवळ जाईपर्यंत लपून बसते. हे सगळं देखणं आहे, यात शंका नाही. सुबक आहे. पण चाळिशीच्या चष्म्यातून सुबक आणि अदृश्य यांत फार अंतर राहत नाही.

गेल्या वर्षी नवीन संगणक घेतला. जुना चांगला चालत होता, पण दुकानदार म्हणाला, याला आता पुढचे अपडेट मिळणार नाहीत. बरं, घेतला. घरी आणून सुरू केला तर त्यानं आधी इंटरनेट मागितलं. मग ईमेल. मग पासवर्ड, तो पसंत पडला नाही, त्यात एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह हवं होतं. मग मोबाइलवर आकडा पाठवला. मग माझा चेहरा मागितला. मी कुठं आहे हे विचारलं, जाहिराती आवडीच्या दाखवू का विचारलं, माझ्या फायली त्यांच्याकडं ठेवू का विचारलं. नको म्हणायची सोय होती, पण ती बारीक अक्षरांत, खाली. पाऊण तास झाला आणि मी अजून एक अक्षर टाइप केलं नव्हतं. १९८९ च्या त्या हिरव्या रेघेची मला त्या दिवशी आठवण झाली.

हे माझं झालं. मी निदान यातली आहे. माझ्या दुकानात अर्ज भरायला माणसं येतात. गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या, सत्तरीच्या, मिरजेच्या पलीकडच्या गावाहून. एका योजनेचा अर्ज, शेवटचा दिवस. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलेले. अर्ज भरला आणि ओटीपीपाशी अडलं. मोबाइल नंबर मुलाचा, मुलगा ट्रक घेऊन गुजरातेत, फोन लागेना. लागला तेव्हा त्यानं आकडा सांगेपर्यंत वेळ संपली. दुसरा मागवला. तोवर पानानंच आम्हाला बाहेर काढलं आणि सगळं पुन्हा भरायला लावलं. असं तीनदा झालं. आजी मला म्हणाल्या, “बाई, माझं काय चुकलं?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पूर्वी त्या कचेरीत गेल्या असत्या, चार तास रांगेत बसल्या असत्या, कारकून खेकसला असता, हे मला मान्य आहे. पण खेकसणाऱ्या कारकुनाला हातापाया पडून सांगता येत होतं. रात्री पावणेनऊला अर्ज गेला. त्यांची शेवटची एस.टी. चुकली, त्या माझ्याकडंच राहिल्या.

आता मी हे आज का सांगतेय, त्याचं कारण पहिल्या रांगेत बसलंय.

नववीत आपल्याला मराठीला सर होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी निबंध न देता एक वेगळाच अभ्यास दिला: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून असे दहा शब्द आणा, जे तुमच्या पुस्तकात नाहीत. आठवतंय? कुणी आजोबांकडून बैलांच्या सामानाचे आणले, कुणी आजीकडून जात्याचे, चुलीचे. एकीची आजी हरिपूरची, तिनं पेवाचे आणले. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात हळद वर्षानुवर्षं कशी राखायची, पेवात उतरण्याआधी कंदील सोडून आतली हवा कशी बघायची, हे तिनं पाठपोट दोन पानं लिहून आणलं होतं. हरिपूरची ती पेवं, बरीचशी, २००५ च्या पुरात गेली. मी माझ्या आजोबांकडून मोटेचे शब्द आणले होते. नाडा, सोल, धाव, थारोळं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवले, तेवढं एक कौतुक मला शाळेत मिळालं.

सर तिथं थांबले नाहीत. पुढच्या प्रत्येक वर्गाला त्यांनी तोच अभ्यास दिला. निवृत्त झाले तेव्हा चौदाशेच्या वर शब्द जमले होते, प्रत्येकापुढं अर्थ, गाव आणि सांगणाऱ्या आजी-आजोबांचं नाव. १९९७ मध्ये ते वह्या घेऊन माझ्या माडीवर आले. मी तीन महिने रोज संध्याकाळी टाइप केलं. पैसे घेतले नाहीत, पण सर दर वेळी शेंगदाण्याचे लाडू आणायचे. एक प्रत छापून त्यांना तपासायला दिली. प्रकाशक आज-उद्या करत राहिला. ती प्रत आणि मूळ वह्या सरांच्या घरी तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी त्या खोलीत पुरुषभर चढलं. पाणी ओसरल्यावर कपाटातून जे काढलं त्याला कागद म्हणता येत नव्हतं.

सर मला कधी काही बोलले नाहीत. मीच या मेळाव्याचं ठरल्यावर बिस्किटांचा जुना डबा उघडला. त्यात तीन फ्लॉप्या होत्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात ‘सर – शब्द’. माडीवर असल्यामुळं त्या पुरातून वाचल्या होत्या.

आणि मग माझी शाळा सुरू झाली. नव्या संगणकाला फ्लॉपीची जागाच नाही. बाहेरून लावायचं यंत्र मागवलं, त्यानं फ्लॉपी वाचली, पण फाइल उघडेना. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली, त्यानंतर ते बंदच झालं. खटपट करून आतला मजकूर काढला तर पडद्यावर डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच प्रश्नचिन्ह. जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तेव्हाचे मराठी फाँट म्हणजे एक सोंग होतं. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षर साठवतोय. फाँट त्याच्या जागी देवनागरीचं चित्र दाखवायचा. प्रत्येक कंपनीचं सोंग वेगळं. आणि चोरी होऊ नये म्हणून संगणकाच्या पाठीमागं एक कुलूप लावायचं. डॉंगल म्हणायचो त्याला. फाँट गेला की मराठी गेली, उरतो तो कचरा.

शेवटी मी माडीवरचा, प्लास्टिकखाली झाकलेला, विंडोज ९८ चा जुना संगणक काढला. मुलगा म्हणाला, “आई, धूर निघेल.” धूर निघाला नाही. आतली बॅटरी संपलेली, तारीख चुकलेली. एक कळ दाबा म्हणाला, दाबली, आणि तो सुरू झाला. पासवर्ड नाही, चेहरा नाही, काही नाही. कुलूप पाठीमागं होतं तसंच होतं. पेजमेकर उघडलं आणि पहिलं पान समोर आलं. अनारसे घालायच्या जाळीला कुण्या आजीनं काय म्हटलं होतं इथपासून. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं वाचलं.

इथं मला एक कबूल केलं पाहिजे, नाहीतर सर रागावतील. हा मजकूर आता कायमचा राहील तो नव्या पद्धतीमुळंच. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, कुठलाही फाँट लावा, सांगलीत उघडा नाहीतर शिकागोत. तुम्ही सगळे फोनवर मराठीत जे पाठवता, ते त्याच जोरावर. माझी नात फोनशी बोलते आणि तो लिहितो. हे १९८९ ला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. नवं ते सगळं वाईट असं माझं म्हणणं नाहीच. एवढंच की हे कामाचं नवं आहे, आणि पट्टी लपवणं, बटण हलवणं हे रिकामटेकडं नवं आहे.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेताना शब्दांची फार मोडतोड होते. टाइपरायटरच्या सवयीनं आम्ही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायचो आणि रफार नंतर. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. म्हणजे प्रत्येक वेलांटी आणि रफार उचलून दुसरीकडं ठेवायचा. ते काम करणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण त्यांना मराठीचा अर्धचंद्री र समजला नाही. ‘चऱ्हाट’चं त्यांनी ‘चर्हाट’ केलं. सगळी पानं मी पुन्हा वाचून काढली, आणि छापून सरांकडं नेली. शहाऐंशी वर्षांचे सर भिंग घेऊन बसले आणि त्यांनी पहिल्याच पानावर माझ्या तीन चुका काढल्या. त्यांतल्या दोन १९९७ च्या होत्या.

पण एक राहिलं आहे. दोन फ्लॉप्या वाचता आल्या, तिसरी आली नाही. मिरजेच्या, कोल्हापूरच्या माणसांना दाखवली, पुण्याला पाठवली. आतल्या चकतीवर बुरशी आहे. पहिल्या दोनमध्ये ‘अ’पासून ‘भ’पर्यंतचे शब्द आहेत. ‘म’पासून ‘ह’पर्यंतचे गेले. म्हणजे धाव आहे, थारोळं आहे, नाडा आहे. सोल नाही आणि मोट नाही. पेव आहे, हळद नाही. जात्यातली ‘माकडी’ नाही, बैलाची ‘वेसण’ नाही. आणि हे तर आठवलेले झाले. मला जे आठवत नाहीत ते किती आहेत, ते मला कसं कळणार?

त्यातले काही तुमच्या आजीचे आहेत. मी सोल, मोट, मोटवण लिहून काढलेत. आजोबांचं नावही घातलंय. तुमचे तुम्ही आठवायचे. घरी गेल्यावर फोनवर पाठवते असं म्हणू नका, घरी गेल्यावर कुणी पाठवत नाही. जेवणाच्या मांडवात शिरताना डाव्या हाताला टेबल आहे, त्यावर दोनशे पानी वही ठेवलीय. शब्द, अर्थ, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव. ‘म’च्या आधीचा आठवला तरी लिहा, सर बघतील. पेन दोऱ्यानं बांधलंय. पुढचं टाइप मी करते.